श्राव्यातीत, स्वनातीत आणि बिनतारी

सोलापुरातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, यंत्रमागाच्या शेडमधील दोन यंत्रांनी अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने हवेतून एकमेकांना माहिती पाठवण्याच्या प्रकल्पाला अहवालात ‘स्वनातीत बिनतारी संपर्क’ म्हणता येईल का. तिच्या मार्गदर्शकांच्या मते ‘बिनतारी’ म्हणजे रेडिओच.

‘स्वनातीत’ येथे चालणार नाही. तो शब्द वेगासाठी रूढ आहे. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाला आपण स्वनातीत म्हणतो. तुमच्या लहरींचा वेग मात्र इतर कोणत्याही आवाजाइतकाच, म्हणजे २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो (सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो ३५५ च्या आसपास जातो). वेगळी असते ती वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. ती माणसाच्या श्रवणमर्यादेच्या, म्हणजे साधारण २० किलोहर्ट्‌झच्या वर असल्यामुळे ‘श्राव्यातीत ध्वनी’ हाच नेमका शब्द आहे. प्रयोगासाठी तुम्ही मोबाइलचाच स्पीकर वापरून १८ किलोहर्ट्‌झवर संदेश पाठवत असाल, तर मात्र काटेकोरपणे हाही शब्द लागू होत नाही, कारण तो आवाज लहान मुलांना ऐकू येऊ शकतो. तेथे मी ‘श्रवणमर्यादेलगतचा ध्वनी’ असे लिहीन.

‘अल्ट्रासाउंड’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो वाचताच बहुतेकांना सोनोग्राफी आठवते. त्या तपासणीतील लहरी मेगाहर्ट्‌झच्या असतात आणि हवेचा पातळ थरही त्यांना अडवतो. त्वचेवर जेली लावतात ती मधली हवा घालवण्यासाठीच. याउलट हवेतून संदेश पाठवण्यासाठी बाजारात सहज मिळणारे ट्रान्सड्यूसर (विद्युत संदेशाचे ध्वनीत आणि ध्वनीचे विद्युत संदेशात रूपांतर करणारे घटक) बहुधा ४० किलोहर्ट्‌झचे असतात. म्हणूनच ‘हवेतून’ हा शब्द शीर्षकातून गाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता ‘बिनतारी’. पोलिसांच्या बिनतारी संदेश यंत्रणेमुळे या शब्दाला रेडिओचा अर्थ चिकटला हे खरे, पण शब्दाची अट एवढीच की मध्ये तार नसावी. झेनिथ कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये बटण दाबताच छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटत असे आणि त्या श्राव्यातीत नादावर वाहिनी बदलत असे. तेही बिनतारीच होते. तरीही रेडिओलहरी शेडच्या भिंतीपलीकडे जातात आणि तुमचा संदेश बहुतांशी आतच राहतो, हा फरक वाचकाला कळण्यासाठी माध्यमाचा उल्लेख हवा. तेव्हा ‘श्राव्यातीत ध्वनीद्वारे हवेतून अल्प अंतरावरील बिनतारी संपर्क’ असे लिहावे.