अस्सल कागद खरा असतोच का?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे : 'अस्सल' म्हणजे खरा आणि 'नक्कल' म्हणजे खोटा, असंच ना? त्यांच्या वर्गातल्या मुलाने मोबाइलवर फिरणारं एक मोडी पत्र दाखवलं आणि 'अस्सल आहे, म्हणजे हे घडलंच' असं ठासून सांगितलं.

तसं नाही. दोन्ही शब्द अरबीतले, फारसीच्या वाटेने आपल्या दफ्तरांत आलेले. 'अस्ल' म्हणजे मूळ; 'नक्ल' म्हणजे इकडचं तिकडे नेणं, उतरवून घेणं. मूळ लिहिला गेलेला कागद तो अस्सल, त्यावरून उतरवलेली ती नक्कल. (तिला तालीकही म्हणत. छान शब्द, उगाच मागे पडला.) सातबाऱ्याची नक्कल आजही कुणी खोटी मानत नाही. पण बोलण्यात 'नकली' म्हणजे बनावट झालं, 'अस्सल' म्हणजे खात्रीचं झालं, आणि हे अर्थ आपण इतिहासाच्या तासाला सोबत घेऊन बसतो.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. अस्सल कागदाच्या एका चिटोऱ्यापुढे सगळ्या बखरींचं बहुमत टिकत नाही, अशी त्यांची भूमिका. मागाहून ऐकीव माहितीवर लिहिलेल्या बखरींपेक्षा त्या वेळचं पत्र वरचढ, हे बरोबरच. पण पत्र लिहिणाऱ्यालाही कुणाकडून तरी कळलेलं असतं, आणि कधी त्याला खोटंच सांगायचं असतं.

इंग्रज वखारवाल्यांची पत्रं बघा. अस्सल, तारीखवार, समकालीन. त्यांत शिवाजी महाराज हयात असतानाच त्यांच्या मृत्यूच्या बातम्या आहेत! 3 एप्रिल 1680ला महाराज खरोखर गेले, तेव्हा इंग्रजांना ते चटकन पटेना. ते इतक्यांदा वारलेत की काहींना अमर वाटू लागलेत, असा खोचक शेराही त्यांच्याच पत्रात सापडतो. कागद सगळे अस्सल, बातम्या मात्र खोट्या. तरी टाकाऊ नाहीत. मुंबई-सुरतेत काय अफवा उठत होत्या, ते त्यांतूनच कळतं.

तेव्हा 'अस्सल' हे विशेषण कागदाला लावावं, मजकुराला नाही. मजकुरासाठी 'विश्वसनीय' आहे, आणि तो शब्द पडताळणी झाल्यावरच वापरावा. अस्सल म्हणून खपवलेल्या खोट्या कागदाला सरळ 'बनावट' म्हणावं.

त्या मुलाच्या हातातलं चित्र फार तर नक्कल. मूळ कागद कोणत्या दफ्तरात, कोणत्या रुमालात (कागद बांधून ठेवायच्या कापडी गठ्ठ्यात) आहे, हे त्याला आधी विचारा.