अंगकोरचा पास एक दिवसाचा की तीन दिवसांचा? आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही पाच जण अंगकोरची जुनी देवळं बघायला कंबोडियात सिएम रीपला जाताय. तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आई-बाबा. हातात तीन पूर्ण दिवस. तिकीट इथूनच ऑनलाइन काढायचं की तिथे पोचल्यावर, एक दिवसाचा पास पुरतो का, आणि सूर्योदयासाठी सगळ्यांना पहाटे चारला उठवायचं का? वर उत्तर देणाऱ्या दोघांनी "एका दिवसात सगळं होतं" असं सांगितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होतं, नाही कुठे म्हणतोय. सहलवाले पहाटे अंगकोर वाट, नाश्त्यानंतर बायोन, दुपारी ता प्रोम आणि संध्याकाळी टेकडीवर सूर्यास्त असं उरकून देतात. पण त्या वेगाने गेलात तर दुसऱ्या देवळापाशी आई "आम्ही इथे सावलीत बसतो, तुम्ही या बघून" म्हणणार. आणि गंमत अशी की तिथल्या भिंती तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतील. रामायण-महाभारत ज्यांनी कीर्तनातून, आजीच्या तोंडून ऐकलंय, त्यांना अंगकोरमध्ये गाईड लागत नाही, वेळ लागतो. म्हणून माझं मत सरळ आहे: तीन दिवसांचा पास घ्या आणि रोज अर्धाच दिवस हिंडा.

आता पैशांचं. एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा म्हणून मुलीचा पासपोर्ट जवळ ठेवा. तिची उंची बघून तपासनीस विचारतातच. म्हणजे तुम्हा चार मोठ्यांचा एक दिवसाच्या आणि तीन दिवसांच्या पासातला फरक १०० डॉलर. विमान, व्हिसा, हॉटेल यांवर इतका खर्च करून तिथवर गेल्यावर हे १०० डॉलर वाचवण्यात मला तरी शहाणपण वाटत नाही. शिवाय तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही तीन दिवस वापरता येतो, सलग लागत नाही. मधे एखाद्या दिवशी बाबांचे गुडघे कुरकुरले तर पास फुकट जात नाही.

ऑनलाइनच काढा. पास विकणारी अधिकृत संस्था एकच, सरकारी 'अंगकोर एंटरप्राइज'. तिच्याच संकेतस्थळावरून घ्या. गुगलवर वर वर येणाऱ्या एजंटांच्या पानांवर तेच तिकीट 'सोयीसकट' महाग पडतं. प्रत्येकाचा पास वेगळा आणि त्यावर त्या व्यक्तीचा फोटो असतो, तो तुम्हालाच अपलोड करावा लागतो. इथे लोक वेळ घालवतात: लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, गॉगल लावलेला, अर्ध्या अंधारातला असला फोटो चालत नाही. आई-बाबांना खिडकीसमोर उभं करून दोन मिनिटांत साधे फोटो काढून घ्या. पास कोणत्या तारखेपासून सुरू व्हायला हवा ती नीट बघून निवडा, कारण पैसे परत मिळत नाहीत आणि पास दुसऱ्याच्या नावावरही होत नाही. पास आला की क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट दोन्ही फोनमध्ये ठेवा. जवळपास प्रत्येक मोठ्या देवळापाशी तो तपासतात.

तिथे जाऊन घ्यायचा झाला तर तिकीट केंद्र गावात आहे. अंगकोर वाटच्या दारात तिकीट मिळत नाही, त्यामुळे पहाटे थेट देवळाशी जाऊन उभं राहिलात तर परत फिरावं लागेल. केंद्रावर घेण्यात एक फायदा मात्र आहे. संध्याकाळी पावणेपाचनंतर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजतात, आणि त्याच संध्याकाळी आत जाऊ देतात ते वरकड. तरुण मंडळींनी हे जरूर करावं. तुम्ही मात्र विमानतळावरून आल्या आल्या रांगेत उभे राहू नका. नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालाय, तो गावापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे. हॉटेलात पोचेपर्यंत सगळे थकलेले असतात.

सूर्योदयाबद्दल थोडं कडू बोलतो. अंगकोर वाटच्या आत डाव्या हाताच्या तळ्याकाठी पाण्यात पाच शिखरांची प्रतिबिंबं पडलेला तो प्रसिद्ध फोटो मिळतो. त्यासाठी डिसेंबरात अंधारात, चार-पाच रांगांच्या मागे, लोकांच्या वर धरलेल्या फोनमधून बघत उभं राहायचं. शिवाय सूर्य बरोबर मधल्या शिखरामागून वर येतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास. डिसेंबरात तो बराच उजवीकडे, दक्षिणेला सरकलेला असतो. तुम्ही दोघांनी एक पहाट जावं, आई-बाबा आणि लेकीला झोपू द्यावं. टुकटुक तुम्हाला सोडून परत त्यांना आणायला जाऊ शकतो, आदल्या रात्री तसं ठरवून घ्या.

त्यांना आणायचं ते पूर्वेच्या दाराने. ही या उत्तरातली सगळ्यात कामाची गोष्ट. पश्चिमेच्या मुख्य दाराने गेलं तर आधी १९० मीटर रुंदीचा खंदक ओलांडायचा, मग आतला साडेतीनशे मीटर लांबीचा दगडी रस्ता चालायचा, आणि एवढं झाल्यावर कुठे देऊळ सुरू होतं. पूर्वेकडून झाडीतून सावलीची वाट आहे, गर्दी फार कमी, आणि समोर थेट ओवरी. चालकाला सांगा, "पूर्वेला सोड, पश्चिमेला थांब." म्हणजे एकदाच आरपार चालणं होतं, उलटं यावं लागत नाही.

दुसऱ्या सूर्यवर्मा राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णुमंदिर बांधलं. आपल्याला सवय पूर्वाभिमुख देवळांची, हे पश्चिमेकडे तोंड करून आहे. ओवऱ्यांच्या भिंतींवरचे शिल्पपटही देऊळ डाव्या हाताला ठेवून, अपसव्य फिरत बघायचे अशा क्रमाने कोरलेत. श्राद्धात अपसव्य का करतात हे बाबांना माहीत असेल, तर राजाने हे स्वतःचं अंत्यस्मारक म्हणून योजलं असावं हा अभ्यासकांचा तर्क त्यांना लगेच पटेल. पूर्वेकडून शिरून डावीकडे वळलात की तुमची मात्र नेहमीसारखी प्रदक्षिणा होते आणि क्रम उलटा पडतो. पडू दे. गोष्टी सगळ्या माहितीच्याच आहेत.

डावीकडे वळल्यावर पहिलाच पट समुद्रमंथनाचा, लांबी जवळपास पन्नास मीटर. अगदी अलीकडच्या टोकाला वासुकीचं शेपूट धरलेला एक वानर आहे. समुद्रमंथनात वानर कुठून आला असा प्रश्न आई विचारेल. तिथले लोक त्याला हनुमान म्हणतात, आणि देवांच्या बाजूने ओढायला हनुमान नको तर कोण हवा! पुढे देवांची रांग, मधे चतुर्भुज विष्णू, त्याच्याखाली कूर्म, पलीकडे असुर. शेपटाकडे देव आणि तोंडाकडे असुर, अगदी आपल्या पुराणात आहे तसं. वर अप्सरांचे थवे उडताहेत आणि खाली पाण्यात मासे, मगरी. रवीजवळ आलेल्यांचे दोन तुकडे झालेत. हे तुकडे लेकीला शोधायला सांगा. पंधरा-वीस मिनिटं ती हलणार नाही.

कोपरा वळून दक्षिणेच्या ओवरीत स्वर्ग आणि नरक. यम रेड्यावर, चित्रगुप्त हिशेब करतोय, आणि खाली नाना यातना. त्यापुढे राजाच्या सैन्याची मिरवणूक. पुन्हा कोपरा वळलात की कुरुक्षेत्र. आधी पांडवसेना, मग मधे हातघाईची गर्दी, आणि मुख्य दाराच्या अलीकडे वरच्या अंगाला शरपंजरी पडलेले भीष्म. ते पटकन दिसत नाहीत, नजर वर ठेवा. दार ओलांडून पलीकडच्या ओवरीत लंकेचं युद्ध: हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडणारा राम, शेजारी लक्ष्मण आणि बिभीषण, समोर रथात वीस हातांचा रावण. लोकांचे हात लागून लागून काही ठिकाणी दगड आरशासारखा काळा गुळगुळीत झालाय. आपण हात लावू नये.

पश्चिमेच्या बाहेरच्या गोपुरात अष्टभुज विष्णूची उंच मूर्ती आहे. स्थानिक लोक तिला 'ता रीच' म्हणतात, तिच्या अंगावर भगवी-पिवळी वस्त्रं चढवतात, उदबत्त्या लावतात. देऊळ कित्येक शतकं बौद्धांचं आहे, पण ही पूजा चालूच आहे. आई-बाबांना नमस्कार करायला मिळतो, हे नुसत्या 'साइट' बघण्याहून त्यांना मोठं वाटेल.

मधल्या सर्वांत उंच मजल्याला 'बाकान' म्हणतात. त्याच्या मूळ पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत. आता त्यांवर कठडा असलेला लाकडी जिना बसवलाय, तोही चांगलाच चढा. एका वेळी मोजकेच लोक सोडतात, त्यामुळे रांग असते. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, म्हणजे लेक खालीच राहणार. तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रुसवा. महिन्यातल्या बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे उपासाच्या-व्रताच्या दिवशी बाकान बंद असतो, तेव्हा चांद्र तिथी बघून दिवस ठरवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, वरून ओढणी गुंडाळलेली चालत नाही. आईची साडी किंवा सलवार-कमीज उत्तम, तुम्ही बर्म्युडा हॉटेलात ठेवा.

दुसरा अर्धा दिवस बांतेय स्रेईला द्या. हे पासातच येतं. गावापासून तासाभराचा रस्ता आहे, म्हणून टुकटुकऐवजी गाडी करा. इ. स. ९६७ मधलं हे शिवमंदिर लहान, बैठं, फारसं चढणं नाही, आणि गुलाबी दगडावरचं कोरीवकाम इतकं बारीक की चंदनाच्या पेटीवरचं वाटावं. कैलास हलवणारा रावण, शिवावर बाण सोडणारा मदन, वाली-सुग्रीवाची झुंज, हिरण्यकशिपूला फाडणारा नरसिंह सगळे इथे आहेत. सकाळी लवकर पोचा, दहानंतर बसगाड्या येतात. ज्येष्ठांना एकच देऊळ दाखवायचं झालं, तर मी अंगकोर वाटच्याही आधी हे दाखवीन.

तिसरा अर्धा दिवस बायोन आणि ता प्रोम, दोन्ही सातव्या जयवर्मा राजाची. बायोनच्या शिखरांवरचे ते हसरे चेहरे सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. खालच्या भिंतींवर बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक असं रोजचं जगणं कोरलंय, तेवढं खालूनच बघून आई-बाबांनी वर चढणं टाळलं तरी चालेल. ता प्रोम हे त्याने ११८६ मध्ये आईच्या नावे उभारलेलं. भिंतींना मुळांनी विळखा घातलेलं ते हेच. तिथे दुरुस्तीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलंय, फलक दिसेल. अंगकोर वाटमध्येही त्यांनी १९८६ ते १९९३ काम केलं, कंबोडियात युद्धाची धग होती त्या काळात. ता प्रोमला लाकडी पायवाटा आहेत, पण बाहेरपासून आतपर्यंत चाल बरीच आहे. बाबांची काठी असेल तर न्याच.

नॉम बाखेंगच्या टेकडीवरचा सूर्यास्त सोडा. वर एका वेळी तीनशेच माणसं सोडतात, तासभर आधी जाऊन रांग लावावी लागते आणि उतरताना अंधार. त्यापेक्षा स्राह स्रांगच्या तळ्याकाठी पायऱ्यांवर बसा, पहाटेही आणि संध्याकाळीही.

नॉम कुलेन आणि को केर ही आणखी दोन ठिकाणं या पासात येत नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी. तीन दिवसांत त्यांच्या नादी लागू नका.

किरकोळ गोष्टी: व्यवहार डॉलरमध्येच होतात, सुटे परत रिएलमध्ये मिळतात, एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. जरा फाटलेली, चुरगळलेली डॉलरची नोट कुणी घेत नाही, इथूनच करकरीत नोटा न्या. विमानाने उतरण्यापूर्वीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याला पैसे लागत नाहीत. बँकॉकहून रस्त्याने जायचा विचार असेल तर डोक्यातून काढा. २०२५ मधल्या थायलंड-कंबोडिया चकमकींपासून ती सीमा भरवशाची राहिलेली नाही, विमानानेच जा. देवळांपाशी पोस्टकार्ड विकणारी लहान मुलं मागे लागतील, त्यांच्याकडून घेऊ नका, त्यामुळे ती शाळेबाहेर राहतात. आणि आई शाकाहारी असेल तर हॉटेलात 'भाजी' एवढंच सांगून भागत नाही. नुसत्या भाजीतही माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, घालतात. ते नको असं वेगळं सांगावं लागतं. खमेर भाषेत ते एका कागदावर हॉटेलच्या माणसाकडून लिहून घ्या आणि तिच्या पर्समध्ये ठेवा.