विज्ञान ऑब्जेक्टिव्ह असतं तर त्यात नैतिक मूल्यं कुठून येतात? आणि मूल्यं आली की सत्य सापेक्ष होत नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही होत. एखादा पदार्थ विषारी आहे की नाही हे तुमच्या-माझ्या मतावर ठरत नाही, विषय संपला. पहिल्यावर मात्र मला बरंच बोलायचंय, कारण ह्याच मुद्द्यावरून माझं एका सीनियरशी चांगलंच वाजलं होतं आणि तो अजूनही भेटला की "तू सायन्समध्ये भावना आणतेस" म्हणून टोमणा मारतोच.

झालं असं की एका रसायनाचा उंदरांच्या लिव्हरवर काय परिणाम होतो ते बघायचं होतं आणि लिव्हरच्या पातळ कापांच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली वाचायचं काम माझ्याकडे. कुठली स्लाइड डोस दिलेल्या उंदराची आणि कुठली कंट्रोलची, म्हणजे डोस न दिलेल्या उंदराची, हे मला सांगितलं नव्हतं, ते योग्यच. बऱ्याचशा स्लाइड सरळ असतात, बघितलं की कळतं. घोळ सगळा मधल्यांचा. पेशींची केंद्रकं जरा मोठी, जरा जास्तच जांभळी, आता ही गाठीची (ट्यूमरची) सुरुवात म्हणायची की काप तिरका गेल्यामुळे तसं दिसतंय, फोकस वरखाली करा, मॅग्निफिकेशन वाढवा, छातीठोक सांगता येतच नाही. आणि फॉर्मवर रकाने दोनच, नॉर्मल आणि अ‍ॅबनॉर्मल. सीनियरचं फर्मान: शंका असेल तर नॉर्मल धर, आपण ऑब्जेक्टिव्ह राहायचं.

अरे, पण हे ऑब्जेक्टिव्ह कसं? शंकेच्या स्लाइड अ‍ॅबनॉर्मल धरल्या तर कदाचित निरुपद्रवी रसायन बदनाम होईल, बनवणाऱ्याचं नुकसान. नॉर्मल धरल्या तर कदाचित माणसं आजारी पडतील. चूक दोन्हीकडे होऊ शकते, फक्त ती कुणी भोगायची हे तू आधीच ठरवून टाकलंस, आणि वर भावना मी आणते!

रिचर्ड रुडनर ह्या तत्त्वज्ञाने 1953 मध्येच हे मांडलंय. गृहीतक शंभर टक्के कधीच सिद्ध होत नाही, त्यामुळे पुरावा किती पुरे हे ठरवताना चूक झाली तर काय होईल हे बघावंच लागतं. औषधात विष नाही म्हणायला जेवढी खात्री हवी तेवढी पट्ट्याच्या बकलांत खोट नाही म्हणायला लागत नाही, उदाहरण त्याचंच. ह्यावर सीनियरचं उत्तर ठरलेलं, आपण फक्त शक्यता सांगायची, निर्णय घेणारे घेतील. हे काही त्याचं डोकं नाही, रिचर्ड जेफ्री ह्या दुसऱ्या तत्त्वज्ञाने 1956 मध्ये असंच म्हटलं होतं. पण शक्यता काढणार कशावरून? माझ्याच रकान्यातल्या आकड्यांवरून ना? मग मूल्यं तर तिथेच शिरली, निर्णय घेणाऱ्यांपर्यंत फाइल जायच्या आधी.

आणि हे काही माझ्याच टेबलावर घडलं असं नाही. डायॉक्सिन ह्या विषारी रसायनाच्या 1978 च्या प्रयोगातल्या उंदरांच्या लिव्हरच्या त्याच स्लाइड 1980 आणि 1990 मध्ये परत वाचल्या गेल्या आणि गाठींचे आकडे वेगवेगळे आले. हेदर डग्लस ह्या विज्ञानाच्या तत्त्वज्ञ बाईंनी 2000 साली ह्या स्लाइडवर सविस्तर लिहिलंय, तत्त्वज्ञान नको असेल तर निदान तेवढा भाग तरी वाचा.

हां, एक सांगायचं राहिलं. ह्याचा अर्थ मला जे हवंय ते पुराव्यात घुसवायचं असा नाही. विचारसरणीला पटत नाही म्हणून सोव्हिएत संघाने लायसेन्को ह्या कृषितज्ज्ञाच्या नादी लागून जेनेटिक्सच बाजूला सारलं, तो वेगळा आणि वाईट प्रकार. आणि प्रत्येक मर्यादेमागे नैतिकताच असते असंही नाही, हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याचं जाहीर करताना 2012 मध्ये 5 सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता अगदी नगण्य हवी असा, आग्रह होता तो काही कुणाचा जीव जाईल म्हणून नव्हता.

तुम्ही विद्यार्थी असाल तर एवढं करा, शंकेच्या नमुन्यांचं काय करायचं ते मोजायच्या आधी लिहून ठेवा, मग दोन्ही बाजूंनी मोजा, आणि निष्कर्ष पलटत असेल तर ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. परिशिष्टात नको. आमच्याकडे माझी शंकेच्या स्लाइडची यादी परिशिष्टात गेली होती, तीही फार भांडल्यावर.