मोठी मोटरहोम विकून छोटी व्हॅन घेताना

ब्रिटनमध्ये सात मीटरची मोटरहोम (चाकांवरचं घर) विकून तशीच राहायची सोय असलेली 5.99 मीटरची फियाट डुकाटो व्हॅन घेताय, तर जागेआधी वजनाचा हिशेब करा. अशा बहुतेक व्हॅनची गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा 3500 किलो असते. 100 लिटरची पाण्याची टाकी भरली की 100 किलो तिथेच गेले; वर सोबतचा माणूस, सायकली, खुर्च्या. प्रवासाला निघताना असते तशी गाडी भरून काट्यावर न्या आणि मागच्या ॲक्सलचं, म्हणजे मागच्या चाकांच्या जोडीवरचं, वजन वेगळं घ्या. एकूण वजन बसतं, पण मागचा ॲक्सल ओव्हरलोड निघतो, हे फार होतं. कारण सामानाची जागा पलंगाखाली, मागच्या चाकांच्याही मागे. तिथले 50 किलो तरफेसारखे काम करतात: ॲक्सलवर 50 पेक्षा जास्त भार येतो, पुढची चाकं हलकी होतात. डुकाटोला ओढतात पुढचीच चाकं, त्यामुळे ओल्या गवतावर ती जागीच फिरत बसतात. जड वस्तू दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, तळाशी ठेवा.

कपडे मऊ पिशव्यांत भरा; कडक बॅग रिकामी झाली तरी तेवढीच जागा अडवते. डाळ-तांदळाला चौकोनी डबे घ्या, गोल डब्यांत कोपरे वाया जातात. 3 लिटरचा एक कुकर दोघांना पुरतो.

एक मात्र कृपा करून पाळा: गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोकं असतात, त्यांवर पिशवी, पायपुसणं काहीही ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तिथूनच बाहेर जातो.