कुंडीतले टोमॅटो का तडकतात आणि पाणी कसं द्यावं

ताई, तुमची मुलुंडची पश्चिमेकडची बाल्कनी, १० इंची कुंड्या, त्यांत गावठी आणि चेरी टोमॅटो. दोन दिवस गावी जाऊन आलात, रोपं माना टाकून बसलेली दिसली म्हणून संध्याकाळी भरपूर पाणी घातलंत, आणि सकाळी पिकायला आलेली फळं तडकलेली. प्रश्नातच निम्मं उत्तर आलंय. हा रोग नाही, कीडही नाही. तुम्हाला सुचवलेली अंड्याची टरफलंही इथे कामाची नाहीत. ती मातीत इतकी सावकाश कुजतात की या हंगामाच्या फळाला त्यांचा काही उपयोग नाही.

हिरवं फळ वाढत असतं तेव्हा सालही त्याच्याबरोबर ताणली जाते. फळ रंग धरायला लागलं की सालीची ही ताकद संपत येते, आणि त्याच वेळी मुळांना पाण्याचा ताण पडला तर साल आणखीच ताठर होते. अशात एकदम पाणी मिळालं की गर फुगतो आणि साल जागा देत नाही. दिवसा पानांवाटे बरंच पाणी उडून जातं. रात्री ते जवळजवळ थांबतं, मुळांनी ओढलेलं पाणी फळात चढतं. त्यामुळे संध्याकाळी पाणी आणि सकाळी भेगा, हे नेहमीचंच.

भेग कुठे आहे ते नीट बघा. देठापासून खाली उतरणारी उभी भेग असेल तर तो पाण्याचा झटका. ती खोल असते, कडा ओल्या राहतात आणि दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. देठाभोवती बांगडीसारख्या गोल, उथळ भेगा असतील तर पाण्याच्या जोडीला उन्हाचा चटकाही आहे. या बऱ्याचदा फळ हिरवं असतानाच पडतात आणि सुकून तपकिरी खरवडल्यासारख्या दिसतात. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारचं ऊन थेट फळाच्या खांद्यावर येतं, म्हणून घोसावरची पानं काढू नका. व्हिडिओ बघून रोपाचा खराटा करण्याची हल्ली फॅशन आहे. मुंबईच्या उन्हात ती महागात पडते. मातीला टेकणारी आणि पिवळी पडलेली पानं काढलीत की पुरे.

आता मूळ अडचण, म्हणजे कुंडी. १० इंची कुंडीत माती जेमतेम आठ-नऊ लिटर बसते. फळांवर आलेलं रोप उन्हाच्या दिवशी त्यातलं वापरण्याजोगं पाणी दुपारपर्यंत संपवतं, म्हणजे सकाळी चिंब आणि चारला कोरडं, असा झोका रोजचाच. खतं-औषधं घेण्याआधी कुंडी बदला, असं मी आग्रहाने सांगेन. एका रोपाला १५ बाय १५ इंची ग्रोबॅग द्या, तीत ३०-३५ लिटर मिश्रण मावतं. पण ओली झाल्यावर ती सहज ३० किलोच्या वर जाते, तेव्हा खिडकीच्या ग्रीलवर अजिबात नको, बाल्कनीच्या लादीवरच ठेवा. मिश्रणात लाल माती चार भाग, गांडूळखत तीन, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन. कोकोपीट याहून वाढवू नका: ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरत नाही, कडेकडेने धावून तळातून निघून जातं. खालून पाणी आलं म्हणून आपण थांबतो आणि मधला गड्डा कोरडाच राहतो.

यासाठी पाणी दोन हप्त्यांत द्यायचं. आधी निम्मं, झारीने सगळीकडे फिरवून. १५-२० मिनिटांनी उरलेलं. खालच्या मजल्यावर धार लागून सोसायटीत तक्रार होण्याचं प्रमाणही याने कमी होतं. वेळ सकाळी आठच्या आतली. डिसेंबर-जानेवारीत पूर्ण वाढलेल्या रोपाला दिवसाला एक ते दीड लिटर धरून चाला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दोन-तीन लिटर लागेल. तेव्हा दोन वाटे करा, मोठा सकाळी, छोटा चारच्या सुमारास. गच्चीवरच्या टाकीचा नळ असेल तर दुपारी पाइपातलं पहिलं पाणी चांगलंच तापलेलं असतं, ते बाजूला काढा.

ही मापं सुरुवातीपुरती. खरं माप वाफशाचं, म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही, त्या अवस्थेचं. बोट दोन पेरं खाली घाला: माती गार लागली, मुठीत दाबल्यावर गोळा झाला पण पाणी सुटलं नाही, तर थांबा. वरचा थर वाळलाय एवढ्यावरून पाणी घालू नका, कोकोपीट वरून फार लवकर वाळतं. दुपारी दोनला पानं थोडी मलूल दिसली तरी झारी उचलू नका, संध्याकाळी ती आपोआप सावरतात. सकाळी मलूल दिसली तर मात्र पाणी कमी पडतंय, किंवा कुंडीत पाणी साचून मुळं कुजतायत. बोट घातलं की कळेल.

वरून दोन इंच आच्छादन हवंच. नारळाच्या शेंड्या सोलून पसरा, किंवा वाळका पाला. बुंध्यापासून दोन बोटं जागा सोडा. बशीत पाणी ठेवून गावी जाण्याचा उपाय नको, त्यात डास होतात. त्याऐवजी कुंड्या सावलीत सरकवा, शेजारी उंचावर बादली ठेवून जाड सुती दोरीची वात मातीत तीन-चार इंच खुपसा. एका कुंडीला दोन वाती, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी चालतायत का ते तपासा.

आणि परत आल्यावर रोप कोमेजलेलं दिसलं तर आधी रंग धरलेली सगळी फळं तोडा, मग पाणी. पहिल्यांदा अर्धा लिटर, अर्ध्या तासाने पुन्हा अर्धा, नेहमीचं पूर्ण माप दुसऱ्या सकाळी. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तेव्हाही हेच, फळं आधी उतरवा. पावसाचं पाणी देठाजवळच्या सालीतूनही आत शिरतं. बुडाशी गुलाबी झाक आलेलं फळ घरात चार-सहा दिवसांत नीट पिकतं, चवीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. फ्रिजमध्ये मात्र नको, तिथे ते पिकायचं थांबतं.

खतात नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि फळं नाजूक होतात. फळं धरल्यावर शेणाची स्लरी, युरिया बंद. बोरॉनच्या कमतरतेनेही फळं तडकतात, म्हणून शेतात बोरॅक्स फवारतात. कुंडीत अंदाजपंचे टाकू नका, थोडं जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात.

गावठी टोमॅटो पातळ सालीचा, चेरी तर सगळं जमवूनही थोडा तडकणारच. चेरी रोज सकाळी तोडत राहा. पुढच्या सप्टेंबरात बी टाकाल तेव्हा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक बघा: गर जाड, फळ टणक. मात्र तो संकरित आहे, त्याचं बी धरून ठेवू नका.

आत्ता तडकलेली फळं ताजी असतील तर आजच सारात घाला. भेगेत पांढरा कापूस किंवा आंबूस वास असेल तर ती टाकून द्या, कुंडीत पुरू नका.