कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रातून कर्नाटकात, निपाणीत आलं की एमडी या अमली पदार्थाचा कायदा बदलतो का? आणि नवं रसायन कायद्याच्या बंदी-यादीतच नसेल तर?

नाही. एनडीपीएस (अमली पदार्थांविरोधी) कायदा 1985 केंद्राचा आहे. कागल काय, बेळगाव काय, कलमं तीच. एमडी म्हणजे मेफेड्रोन फेब्रुवारी 2015 मध्ये यादीत आलं. 2 ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, एक वर्षापर्यंत कैद. 50 ग्रॅमच्या वर किमान दहा वर्षं. भेसळीसकट वजन धरतात (सर्वोच्च न्यायालय, 2020), म्हणून 'त्यात निम्मी पावडरच होती' हा बचाव चालत नाही.

खरी फट वेगळी. आपल्याकडे यादी प्रामुख्याने नावानिशी. रेणू जरासा बदलला की प्रयोगशाळेचा अहवाल यादीबाहेरचा पदार्थ दाखवतो आणि एनडीपीएसचा खटला ढेपाळतो. कलम 3 खाली केंद्राने अधिसूचना काढेपर्यंत हे असंच. ब्रिटनने 2016 पासून नावाऐवजी मेंदूवरच्या परिणामावरून बंदी घातली, पण परिणाम सिद्ध करणंही सोपं नाही.

घरातलंच कोणी अडकलं असेल तर कलम 64अ बघा: अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून संरक्षण आहे. मदतीसाठी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446.