एअर ॲम्ब्युलन्समध्ये नर्सची नोकरी घ्यावी का? निपाहसारख्या विषाणूचा धोका कितपत?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत राहता, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, एअर ॲम्ब्युलन्सची नोकरी चालून आलीय, पण निपाहच्या बातम्यांमुळे सासूबाई नको म्हणतात आणि घरात तान्हं बाळ आहे. मी बेळगावची, हेच काम करते, म्हणून उत्तर देते.

निपाहचं निदान झालेला पेशंट सहसा तुमच्या विमानात येणारच नाही. रिपोर्ट आला की त्याला शक्यतो आहे तिथंच वेगळं ठेवतात. मला भीती वाटते ती निदान न झालेल्यांची. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून पुण्याला किंवा बेंगळुरूला न्यायची केस येते तेव्हा कागदावर एवढंच असतं: ताप, धाप, शुद्ध हरपतेय. नमुना एनआयव्हीला (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला) गेलेला असला तरी रिपोर्टआधी विमान उडतं. २०१८ मध्ये केरळात पेरांब्रा तालुका रुग्णालयात नर्स लिनी पुथुस्सेरी यांनी ज्याची सेवा केली, त्याला निपाह आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यातच त्या गेल्या.

बातम्यांत मृत्यूचा टक्का सांगतात. आम्हाला आधी हवं असतं ते हे, की रोग पसरतो कसा. आपल्याकडचा माकडताप घ्या. २०१५ ला गोव्यात सत्तरीत, २०१६ ला दोडामार्गात त्याची साथ आली आणि इकडे खानापूरपर्यंत लोक धास्तावले. पण तो गोचिडीतून होतो, पेशंटच्या खोकल्यातून नाही. तिथं हातमोजे आणि सुईची काळजी घेतली की बहुतेक काम भागतं. निपाहमध्ये ४० ते ७५ टक्के रुग्ण दगावतात, पण तो लागायला बराच जवळचा संपर्क, थुंकी-स्राव लागतात. आणि जवळचा संपर्क म्हणजे तर आमचं कामच की हो!

छोट्या टर्बोप्रॉपच्या (पंख्यावर चालणाऱ्या विमानाच्या) केबिनमध्ये उभं राहता येत नाही. पेशंटच्या तोंडापासून तुमचं तोंड हातभर लांब. मोठ्या प्रवासी विमानात हवा गाळणारे हेपा फिल्टर असतात, या विमानांत बहुधा नसतात आणि खिडकी उघडायची सोय नाही. पायलट आणि आपल्यामध्ये कित्येकदा नुसता पडदा. त्यात वर केबिनचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा, म्हणजे खाली कसाबसा श्वास घेणारा पेशंट वर गेल्यावर कोसळू शकतो. मग तिथंच अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), सक्शन (घशातला स्राव ओढून काढणं), ट्यूब (श्वासनलिकेत नळी घालणं), आणि सगळ्यात जास्त तुषार याच कामांत उडतात. म्हणून शंका असेल तर ट्यूब हॉस्पिटलमध्येच टाकून घ्यायची, व्हेंटिलेटरच्या नळीला विषाणू अडवणारा फिल्टर लावायचा आणि मगच स्ट्रेचर हलवायचा. ‘चला चला, पायलट थांबलाय’ म्हणून कुणी घाई केली तरी दहा मिनिटं मागून घ्या.

पीपीई घालण्यापेक्षा काढताना जपायचं. उतरल्यावर घामाघूम झालेलं असतं, कधी एकदा मास्क ओढून काढतो असं होतं, आणि नेमका तेव्हाच हात तोंडाला लागतो. शेजारी एकजण फक्त बघायला हवा.

शिवाय न्यायलाच हवं का, हेही डॉक्टरांना विचारायला लाजू नका. आपल्या सीमाभागात पुण्या-मुंबईचा ओढा भाषेमुळेही असतो, तो मी समजू शकते. पण बेळगावातही तोच व्हेंटिलेटर आणि तीच औषधं मिळणार असतील, तर एका कुटुंबाच्या समाधानासाठी चार-पाच जणांना बंद डब्यात बसवणं मला पटत नाही. एक्मोसारखं (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) इथं न मिळणारं काही हवं असेल तर गोष्ट वेगळी.

मुलाखतीत पगाराआधी हे विचारा: एन-९५ मास्कची फिट टेस्ट (चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची चाचणी) करता का, संशयित केससाठी आयसोलेशन पॉड (पेशंटला ठेवायचं बंद पारदर्शक आवरण) आहे का, केस नाकारायचा अधिकार मेडिकल टीमला आहे की बुकिंग घेणाऱ्याला? शेवटच्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर मी तरी तिथं जाणार नाही.

आणि बाळाचं. निपाहच्या संपर्कातल्या माणसाला २१ दिवस देखरेखीखाली ठेवतात. तेवढे दिवस तुम्ही कुठं राहणार, पगार चालू राहणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. बाळ अंगावर पीत असेल तर माझं मत सरळ आहे: ते सुटेपर्यंत थांबा, तोवर आयसीयूचा अनुभव घ्या. कंपन्यांना तोच हवा असतो.